अणुबॉम्ब, केक आणि ‘लेला’: टॉम डाउडच्या करामती

१९४६च्या जुलैत अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांपाशी दोन अणुबॉम्ब फोडून पाहिले. या चाचण्यांच्या कामावर लष्कराने जी माणसं नेली होती, त्यांत न्यूयॉर्कचा एक वीस वर्षांचा सार्जंट होता. नाव टॉम डाउड. पुढच्या तीसेक वर्षांत याच गड्याने रे चार्ल्स, जॉन कोल्ट्रेन, अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, एरिक क्लॅप्टन, रॉड स्ट्युअर्ट अशा एकाहून एक वल्लींचा आवाज टेपवर उतरवला. आधी रेकॉर्डिस्ट म्हणून, मग निर्माता म्हणून. गाणी जगाला पाठ झाली. त्याचं नाव मात्र रेकॉर्डच्या पाठीवर बारीक टायपात असायचं, आणि कित्येकदा तेवढंही नसायचं. तेव्हा आज जरा त्याच्याविषयी.

घरचाच रियाज

डाउडचा जन्म २० ऑक्टोबर १९२५चा, मॅनहॅटनमधला. आई ऑपेरा गायिका, वडील वाद्यवृंदात कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचे म्होरके. पोराने पियानो, व्हायोलिन, ट्यूबा, डबल बेस असं जे हाती लागेल ते वाजवून पाहिलं. स्टायव्हसंट हायस्कूल ही न्यूयॉर्कातली विज्ञान-गणितासाठी नावाजलेली शाळा. ती त्याने सोळाव्या वर्षी संपवली. नोटेशन वाचता येतं आणि सर्किटही वाचता येतं, असा रेकॉर्डिस्ट विरळाच. पुढचे बरेचसे किस्से घडले ते या दुहेरी शहाणपणामुळे.

गुपित इतकं पक्कं की पदवीही मिळेना

शाळेनंतर तो कोलंबिया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. अठरा वर्षं पूर्ण होताच सैन्यभरतीचा कागद आला. अंगावर वर्दी चढली, टेबल मात्र तेच राहिलं, कारण ते काम म्हणजे अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पाचा एक तुकडा होता. आपण नेमकं कशासाठी राबतोय, हे १९४५ पर्यंत त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं. (या प्रकल्पाला मॅनहॅटन हे नाव पडलं ते त्याचं पहिलं मुख्य कार्यालय तिथेच, ब्रॉडवेवर होतं म्हणून.)

युद्ध संपल्यावर साहेबांचा बेत साधासरळ होता: अणुभौतिकीची पदवी घ्यायची. पण केलेलं काम अतिगोपनीय असल्यामुळे विद्यापीठ ते हिशेबात धरेना. शिवाय अभ्यासक्रम होता जुनाच. प्रयोगशाळेत जे हाताळलं त्याच्या कितीतरी मागे असलेले धडे गिरवायचे आणि वर तोंडाला कुलूप लावून बसायचं! डाउडने भौतिकशास्त्राला रामराम ठोकला आणि एका स्टुडिओत नोकरी धरली. अमेरिकेच्या लष्करी गुप्ततेने संगीतावर एवढे उपकार दुसऱ्या कुठल्या प्रसंगी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि या अणुवाल्याचं पहिलं गाजलेलं काम कोणतं? १९५०चं आयलीन बार्टनचं एक खेळकर गाणं, विषय: अचानक आलेल्या पाहुण्यासाठी केक! ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं.

दातांच्या पैशावर रॉक अँड रोल

डाउडची कर्मभूमी म्हणजे ॲटलांटिक रेकॉर्ड्स. ही कंपनी १९४७मध्ये काढली अहमेट एर्टेगुन आणि हर्ब अब्रॅमसन या दोघांनी. एर्टेगुन हा तुर्कस्तानच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूताचा मुलगा, अब्रॅमसन दंतवैद्यक शिकलेला. आणि भांडवलाचे १० हजार डॉलर कुणाचे? एर्टेगुन कुटुंबाच्या दंतवैद्याचे, डॉ. वहदी साबित यांचे. अमेरिकी काळ्या संगीताच्या या माहेरघराचा पाया असा एका तुर्काने आणि दोन दातवाल्यांनी घातला.

तिथला स्टुडिओही थाटामाटाचा नव्हता. न्यूयॉर्कच्या पश्चिम ५६व्या रस्त्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कंपनीचं कार्यालय. दिवसभर तिथे हिशेब, फोन, करारमदार. संध्याकाळी टेबलं एकमेकांवर रचून भिंतीला लावायची, खुर्च्या मांडायच्या, मायक्रोफोन उभे करायचे, की झाला स्टुडिओ. सकाळी पुन्हा टेबलं जागेवर. पन्नासच्या दशकातली ‘रिदम अँड ब्लूज’ची कितीतरी गाजलेली गाणी अशा खोलीत बनली, हे ऐकून घरच्या बेडरूममध्ये स्टुडिओ थाटणाऱ्या आजच्या पोरांना धीर यावा.

त्या काळी बहुतेक ठिकाणी दोन-चार मायक्रोफोन लावून अख्खा ताफा उरकत. खर्जाचे सूर रेकॉर्डिस्टना नकोसेच असत, कारण खर्ज जास्त झाला की तबकडीच्या खाचेतून सुई उडायची. डाउडने बेसला आणि ड्रम्सना त्यांचा मान मिळवून दिला. बेसवाल्याची बोटं तारेवर कशी पडतात, ड्रमवाला काडी वापरतोय की ब्रश, हे ऐकू आलंच पाहिजे असा त्याचा हट्ट. ज्याने स्वतः डबल बेस वाजवलाय, त्याला आपलं वाद्य बुडालेलं कसं खपणार?

दोन सुयांची रेकॉर्ड

स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात रुळल्या त्या १९५८पासून. डाउड मात्र पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच दोन ट्रॅकवर मुद्रण करत होता. आधी बाजारात ‘बायनॉरल’ नावाचा एक गमतीदार प्रकार आला होता. एकाच तबकडीवर खाचांचे दोन वेगळे पट्टे, बाहेरचा एका बाजूच्या आवाजाचा, आतला दुसऱ्या बाजूचा. ऐकायचं तर ग्रामोफोनच्या दांड्याला दोन सुया हव्यात, आणि दोन्ही एकाच क्षणी बरोबर जागेवर टेकल्या पाहिजेत. ॲटलांटिकने विल्बर डी पॅरिसच्या जॅझ बँडची अशी रेकॉर्ड काढली. तो प्रकार टिकणार नव्हताच, टिकलाही नाही. फायदा दुसराच झाला: स्टिरिओचा जमाना आला तेव्हा इतर कंपन्यांची धावपळ उडाली आणि ॲटलांटिकच्या कपाटात दोन ट्रॅकचा माल तयार होता.

आठ ट्रॅक आणि दहा बोटं

गिटारवादक आणि हरहुन्नरी संशोधक लेस पॉल याने एम्पेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचं टेप यंत्र बनवून घेतलं, त्याचं लाडकं नाव ‘ऑक्टोपस’. डाउडने मालकांच्या गळी तेच यंत्र उतरवलं आणि १९५८मध्ये ते ॲटलांटिकमध्ये आलं. ही केवढी मजल होती याचा अंदाज हवा असेल तर एवढंच लक्षात घ्या: बीटल्सनी १९६७चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला, आणि आठ ट्रॅकवर ते पहिल्यांदा गेले १९६८च्या ‘हे ज्यूड’साठी. तेव्हा डाउडच्या यंत्राला दहा वर्षं होत आली होती.

आठ ट्रॅकमुळे गायकाचा आवाज एका ट्रॅकवर, बेस दुसऱ्या, ड्रम्स तिसऱ्यावर असं सगळं सुटं राहतं. कुठला किती वर आणायचा आणि किती मागे सारायचा, ते वादक घरी गेल्यावर ठरवता येतं. पण यातून नवी डोकेदुखी उभी राहिली. तेव्हाच्या मिक्सरवर रेडिओसारखी मोठी गोल बटणं असत. दोन हातांत दोन, फार तर तीन बटणं मावायची. आठ कशी फिरवणार?

डाउडने गोल बटणं काढून सरळ रेषेत वर-खाली सरकणाऱ्या अरुंद पट्ट्या बसवल्या. एकेका बोटाखाली एकेक ट्रॅक. लहानपणी पियानोवर बसलेल्या पोराला हेच सुचणार. आज जगभरच्या मिक्सरवर हेच फेडर असतात. गणेशोत्सवात मांडवाच्या कडेला बसून ऑर्केस्ट्राचा आवाज सांभाळणारा आपला साउंडवाला गायिकेचा माइक बोटाने हलकेच वर सरकवतो ना, तो तसाच फेडर.

माझं मत विचाराल तर डाउडचं सगळं मोठेपण या एका करामतीत आलं. इतर रेकॉर्डिस्ट वादकांना सांगत की यंत्राला झेपेल असं वाजवा. याने यंत्रालाच वादकाच्या मापाचं करून घेतलं.

सात मिनिटांचं गाणं, तीन मिनिटांची तबकडी

फेब्रुवारी १९५९. रे चार्ल्सने ‘व्हॉट’ड आय से’ हे गाणं आणलं. मुळात ते एका कार्यक्रमात वेळ भरून काढायला ऐन वेळी रंगमंचावर सुचलेलं. लांबी सात मिनिटांच्या वर, आणि सिंगल तबकडीच्या एका बाजूला मावणार तीन-साडेतीन मिनिटं! डाउडने टेपवर कात्री चालवली, थोडी लांबण छाटली आणि उरलेल्याचे दोन भाग करून तबकडीच्या दोन बाजूंना घातले. गायक आणि साथीदारिणी यांच्यातले हुंकार-प्रतिहुंकार तेव्हाच्या काही रेडिओ केंद्रांना फारच चावट वाटले आणि त्यांनी गाण्यावर बंदी घातली. मग काय, खप जोरात.

भिंतीकडे तोंड करून कोल्ट्रेन

त्याच वर्षी मे महिन्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’चं मुद्रण झालं. डाउड आठवण सांगायचा, कोल्ट्रेन ठरल्या वेळेच्या तासभर आधी यायचा आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एकटाच वाजवत राहायचा, मधूनच थांबून रीड बदलायचा. त्या शीर्षकगीतातले कॉर्ड इतके झपाट्याने बदलतात की टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादकही त्याच्या पाळीला अडखळतो. रेकॉर्डवर ते स्पष्ट ऐकू येतं, आणि तसंच ठेवलंय हे बरं केलं.

डिसेंबर १९६०मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचा ‘फ्री जॅझ’ मुद्रित झाला. एकाच वेळी दोन चौकड्या, आठ वादक, आणि ठरलेलं फारच थोडं. डाउडने एक चौकडी डाव्या कानात, दुसरी उजव्या कानात टाकली. सदतीस मिनिटं सलग. या गोंधळाचं ज्याला नकाशासारखं चित्र दिसलं, त्या रेकॉर्डिस्टला सलाम.

मशीन दुरुस्त करायला गेला आणि हिट घेऊन आला

१९६३मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सकडून ॲटलांटिकला गाणी यायची थांबली. कारण विचारलं तर टेप मशीन बिघडलंय. डाउडला विमानाने धाडलं. स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर. मागून पुढे उतरती जमीनसुद्धा तशीच ठेवलेली. डाउडने सुटे भाग मागवून यंत्र चालू केलं. तेवढ्यात रविवारी चर्च आटोपून रूफस थॉमस डोकावला. आता यंत्र चालूच आहे तर एक गाणं करून टाकू, असं म्हणून ‘वॉकिंग द डॉग’ मुद्रित झालं. ते देशभर गाजलं.

याच थिएटरात जुलै १९६५मध्ये ओटिस रेडिंगचा ‘ओटिस ब्लू’ जवळपास एका दिवस-रात्रीत पुरा झाला. मध्ये रात्री काही तास काम थांबलं, कारण वादकांची गावात ठरलेली बैठक होती! रेकॉर्ड नंतर, रोजची बिदागी आधी. त्या अल्बममध्ये ओटिसचं स्वतःचं ‘रिस्पेक्ट’ आहे. १४ फेब्रुवारी १९६७ला न्यूयॉर्कमध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं गायलं आणि त्याचा अर्थच फिरवला. ओटिसच्या गाण्यात दमून घरी आलेला नवरा मान मागतो. अरीथाच्या गाण्यात बाई मान वसूल करते. दोन्ही वेळा रेकॉर्डिस्ट टॉम डाउड.

मेम्फिसवरून आठवलं: डस्टी स्प्रिंगफील्डचा ‘डस्टी इन मेम्फिस’ हा १९६९चा अल्बम जेरी वेक्सलर, अरिफ मार्दिन आणि डाउड या तीन निर्मात्यांनी मिळून केला. वाद्यं मेम्फिसची खरी. बाईंचा गळा मात्र तिथे काही मोकळा होईना. त्यांचं गाणं अखेर न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालं. नाव काही बदललं नाही.

इंग्रज पोरं आणि विमानाची वेळ

मे १९६७मध्ये लंडनहून क्रीम हे त्रिकूट ॲटलांटिकच्या स्टुडिओत आलं. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर, सोबत माणसाच्या उंचीचे अँप्लिफायर आणि दुहेरी बेस ड्रमचा पसारा. एवढा दणदणाट त्या खोलीने आधी पाहिला नव्हता. व्हिसा संपत आलेला, हातात मोजके दिवस. रविवारी मोटारवाला दारात येऊन उभा राहिला, पोरं विमानतळाकडे, आणि ‘डिझरायली गिअर्स’ अल्बम टेपवर तयार!

त्यातल्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’चा ताल जमत नव्हता. काउबॉयच्या सिनेमात रेड इंडियन टोळ्या आल्या की जो ढोल वाजतो, तसं वाजवून बघ, असं आपण बेकरला सुचवलं, ही डाउडची हकिगत. बेकरला हे श्रेय वाटून घेणं फारसं रुचलं नाही. खरंखोटं त्या खोलीला माहीत. ठेका मात्र पहिल्या मात्रेवर जोर देणारा आहे, हे कुणीही ऐकून ताडावं.

‘लेला’: दोन गिटारवाल्यांची गाठ

ऑगस्ट १९७०. डाउड आता मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ऑलमन ब्रदर्सचा अल्बम करत होता. तिथे फोन आला: क्लॅप्टनला नवा बँड घेऊन मुद्रणासाठी यायचंय. हे ऐकून त्यांचा गिटारवादक, चोवीस वर्षांच्याही आतल्या डुएन ऑलमनचे डोळे चमकले. क्लॅप्टन येईल तेव्हा आपल्याला बघायला यायला मिळेल का, असं त्याने विचारलं. क्लॅप्टन आला तर त्यालाच डुएनला बघायचं होतं! २६ ऑगस्टला ऑलमन ब्रदर्सचा मायामीत कार्यक्रम होता. डाउड क्लॅप्टनला घेऊन गेला आणि सगळे रंगमंचाला अगदी लागून पुढे बसले. डुएन डोळे मिटून वाजवत होता. डोळे उघडले तर समोर साक्षात क्लॅप्टन. हात तिथल्या तिथे थिजले.

कार्यक्रमानंतर दोन्ही बँड स्टुडिओत शिरले ते दुसऱ्या दिवशीच बाहेर पडले. डाउडने टेप फिरती ठेवली होती. एवढ्या वजनदार अल्बमसाठी दोघांनी मोठे अँप्लिफायर न घेता फेंडरचे चिमुकले चँप वापरले, हीसुद्धा गंमतच.

‘लेला’ या शीर्षकगीताचं नाव आपल्या ओळखीचं: निजामीच्या लैला-मजनूतली लैला. क्लॅप्टन तेव्हा जीवलग मित्र जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या प्रेमात आकंठ बुडाला होता, त्यामुळे मजनू कोण हे सांगायला नको. शेवटचा पियानोचा तुकडा ड्रमवाल्याने, जिम गॉर्डनने, वाजवलाय आणि तो काही आठवड्यांनंतर जोडला. रे चार्ल्सच्या १९५९च्या ‘जीनियस’नंतर आपल्या हातून झालेलं हे सर्वांत सरस काम, असं डाउडचं मत होतं. अल्बम नोव्हेंबर १९७०मध्ये आला आणि चक्क पडला. ‘लेला’ गाजली १९७२मध्ये. तोवर डुएन मोटारसायकलच्या अपघातात गेला होता.

ते भोंगे आधी हाकला

मार्च १९७१मध्ये डाउड घानातल्या ‘सोल टू सोल’ जलशाचं काम उरकून न्यूयॉर्कला उतरला. ऑलमन ब्रदर्स फिलमोर ईस्ट सभागृहात वाजवणार होते, तो थेट बाहेर उभ्या मुद्रणाच्या ट्रकमध्ये जाऊन बसला. कार्यक्रम सुरू झाला आणि रंगमंचावर न सांगता-सवरता सॅक्सोफोनवाले! सूर जुळेनात, आणि त्यांचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरतोय. मध्यंतर होताच डाउड धावत डुएनकडे गेला: यांना घालवा. गेले. रोज कार्यक्रम संपला की बँड आणि डाउड ॲटलांटिकच्या स्टुडिओत बसून टेप ऐकत आणि उद्या काय पुन्हा वाजवायचं ते ठरवत. शेवटच्या रात्री बॉम्बची अफवा उठली, सभागृह रिकामं करावं लागलं, आणि मग वादन पहाटेपर्यंत चाललं. ‘ॲट फिलमोर ईस्ट’ हा थेट मुद्रणाचा आजवरचा सर्वोत्तम रॉक अल्बम असं मी बेधडक म्हणतो. मतभेद असणाऱ्यांनी खुशाल पत्र पाठवावं.

दारूबंदी आणि सकाळचे साडेदहा

१९७५मध्ये रॉड स्ट्युअर्ट डाउडकडे आला. डाउडने त्याला अलाबामातल्या मसल शोल्सला नेलं. अरीथासारख्या गायकांच्या मागे वाजवणारे तिथले वादक काळे असणार अशी स्ट्युअर्टची पक्की खात्री होती. समोर गोरी मंडळी पाहून आपली थट्टा चाललीय असं त्याला वाटलं. त्यात तो भाग दारूबंदीचा. ‘सेलिंग’ आपण सकाळी साडेदहाला, घशात एक थेंबही नसताना गायलो, असं त्याने पुढे सांगितलं. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर.

एक वाईट बातमीही याच काळातली. फेब्रुवारी १९७८मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांच इथल्या गोदामाला आग लागली आणि ॲटलांटिकच्या हजारो मूळ टेप खाक झाल्या. रेकॉर्डवर आलेली गाणी वाचली. न वापरलेले टेक आणि तालमी यांची मात्र राख झाली.

फेब्रुवारी २००२मध्ये डाउडला ग्रॅमीचा ट्रस्टीज पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला, सत्याहत्तरावा वाढदिवस होऊन आठवडा झाला तोच, फुप्फुसांच्या विकाराने तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला त्याची आठवण झाली २०१२मध्ये. मार्क मूरमनने त्याच्यावर केलेला ‘टॉम डाउड अँड द लँग्वेज ऑफ म्युझिक’ हा माहितीपट मिळाला तर चुकवू नका. त्यात म्हातारा डाउड ‘लेला’ची मूळ टेप लावतो, एकेक फेडर वर सरकवत डुएन कुठला आणि एरिक कुठला ते दाखवतो, आणि पोराच्या खुशीत हसतो. ऐकायची सुरुवात ‘ओटिस ब्लू’पासून करा, मग ‘फिलमोर’, आणि दम असेल तर ‘फ्री जॅझ’. तो मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका; हेडफोन लावा, दोन्ही कानांना.